मिरजेच्या चाचांना, कमरेत वाकलेल्या पट्टीबद्दल

आदरणीय चाचा,

सादर सलाम. गिटार पूर्ण झाली. तारा चढवल्या, सूरही लागला. फोनवर तुम्ही मला आभार मानू देत नाही, लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितो आहे. माझ्यासारखं घरच्या गॅलरीत वाद्य बनवणाऱ्या आणखी कुणाला याचा उपयोग झाला तर तेही तुमच्याच खाती जमा.

तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानात आलो तेव्हा गिटारचा खोका तयार होता: वरची तबली स्प्रूस नावाच्या लाकडाची, पाठ आणि बाजू शिसवीच्या. राहिलं होतं बाइंडिंग, म्हणजे कडेने फिरणारी पट्टी. जेमतेम 2 मिलीमीटर जाड, 6 मिलीमीटर उंच आणि पाऊण मीटरहून थोडी लांब अशा चार पट्ट्या. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण तबलीची उघडी कड ती झाकते, तिथून ओल आत शिरू देत नाही, आणि वाद्य कुठे आपटलं तर पहिला मार तीच खाते. मऊ स्प्रूसला असा पहारेकरी लागतोच.

माझ्या पिशवीत नमुने होते आणि डोक्यात रंग. पांढुरकं लहरदार मेपल, लालभडक पडौक, काळं आबनूस. त्याशिवाय तुमच्या गल्लीत तंबोऱ्याच्या कडेला लावतात तशी सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, असंही मनात होतं. तुम्ही नमुने हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणालात, "रंग काय बघतोस? आधी कमरेत वाकवून दाखव."

गिटारची कमर ही खरोखर परीक्षेची जागा. खालच्या फुगीर भागाला वळसा घालून आलेल्या पट्टीला तिथे उलट्या दिशेने आत वळावं लागतं. तापलेल्या लोखंडी नळीवर ओलसर पट्टी धरली की वाफेने लाकूड नरमतं आणि क्षणभर आपलं ऐकतं. मेपलने ऐकलं नाही. त्याच्या ज्या लहरींवर मी भाळलो होतो, तिथेच लाकडाच्या रेषा आतबाहेर होतात, आणि पट्टी नेमकी तिथेच कडकन तुटली. आबनूस वाकलं, पण पोटाला बारीक चिरा दाखवून. पडौक छान वळलं. मी खुश व्हायच्या आत तुम्ही स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर फिरवलंत आणि फडकंच लाल झालं. पॉलिश करताना हाच रंग शेजारच्या पांढऱ्या स्प्रूसमध्ये उतरणार होता. "बिबळ्याचा भाऊ आहे हा," एवढंच बोललात. बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या लाकडी पेल्यातल्या पाण्याला रंग चढताना ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. आणि एवढं करून ती लाली टिकतही नाही, उजेडाने तपकिरी होत जाते.

सेल्युलॉइडचा निकाल तुम्ही दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या तंबोऱ्यावरच लावलात. वर्षानुवर्षं ते आकसत जातं, पिवळं पडतं, तडकतं. जुन्या गिटारींमध्ये अशी पट्टी कमरेपाशीच सुटून दोरीसारखी ताणलेली दिसते, हे मी नंतर पाहिलं. शिवाय ते पेट घेतं, आणि माझी गॅलरी स्वयंपाकघराला लागून आहे.

मग म्हणालात, "शिसवीला शिसवीच लाव." खरं सांगतो, तेव्हा मी मनातून थोडा हिरमुसलो. तपकिरीवर तपकिरी, दिसणार काय? पण तुमचं गणित वेगळं होतं. शिसव गरम नळीवर नीट वळते. गडद असल्यामुळे सांध्यातली सरसाची रेघ तिच्यात लपते आणि हाताचा मळ दिसत नाही. बाजू आणि पट्टी एकाच लाकडाच्या, त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही जवळपास सारख्याच फुगतील. आणि पांढऱ्याची हौस असेल तर पट्टीच्या आतल्या अंगाला मेपलची अर्ध्या मिलीमीटरची रेघ घाल, इतकं पातळ मेपल कमरेत मोडत नाही. माझ्या मते गिटारमधली सर्वांत देखणी गोष्ट आज तीच रेघ आहे.

लाकूडही तुम्हीच दिलंत: माळ्यावरून काढलेली जुन्या शिसवी पलंगाची पट्टी. मी बाहेरून कोकोबोलो मागवायच्या विचारात होतो. तीही शिसवीच्याच कुळातली, आणि 2017 पासून हे सगळं कुळ सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तयार वाद्यांना 2019 मध्ये सवलत मिळाली, पण कच्च्या लाकडाची कागदपत्रं सुटत नाहीत. एवढ्याशा चार पट्ट्यांसाठी तो खटाटोप! पलंगाच्या पट्टीचं टोक तुम्ही करवतीने न कापता पटाशीने चिरलंत. चीर सरळ गेली, म्हणजे रेषा सरळ. वाकवायच्या लाकडाची एवढी सोपी परीक्षा मी ऐकलीही नव्हती, आणि आता कुठलंही लाकूड हाती आलं की आधी टोक चिरून बघतो.

बाकीचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. पट्टी बसवण्याआधी स्प्रूसला चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला. सरस लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी खोका करकचून गुंडाळला. पट्टी समपातळीत आणताना पॉलिश पेपर वापरला नाही, नाहीतर शिसवीची काळी भुकटी तबलीत भरली असती. काचेच्या तुकड्याने खरवडलं. फेव्हिकॉल जास्त सोयीचा होता, पण पुढे कधी पट्टी बदलावी लागली तर सरस उष्णतेने आणि ओलीने सुटतो, हे तुमचं म्हणणं पटलं. गंमत म्हणजे जे वाद्य तुम्ही कधी बनवलं नाही, त्याच्या पन्नास वर्षांनंतरच्या दुरुस्तीचाही विचार तुम्ही करून ठेवलात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. माळ्यावरच्या लाकडाचे आणि दुकानात मोडलेल्या दिवसाचे तरी घ्यायला हवे होते. दिवाळीनंतर गिटार घेऊन मिरजेला येतो. मागच्या बाजूला, डाव्या खांद्यापाशी एक जोड नखाला किंचित लागतो. तुम्हाला तो सापडेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि एक विचारायचं होतं. भंडाऱ्याच्या मित्राने टेंभुर्णीच्या गाभ्याचा तुकडा पाठवलाय. काळाकुट्ट आहे, टोक चिरलं तर चीर सरळ गेली. पट्ट्या पाडू का, की आबनुसासारखाच हट्टी निघेल?

तुमचा,
पुण्याचा गिटारवाला