टेकडीवरच्या अनोळखी मंडळींना

गुडघ्यामुळे दीड वर्ष धावणं बंद होतं. या फेब्रुवारीत पुन्हा पुण्यातली वेताळ टेकडी चढायला लागले. धावणं कसलं, दोन मिनिटं पळायचं, तीन मिनिटं चालायचं! पण पूर्वी नजर सतत घड्याळावर असायची, ती आता मोकळी झाली. गिरिपुष्पाची पानं झडून फांद्या गुलाबी झाल्यात. साडेसातच्या सुमारास ऊन आडवं येतं. तेव्हा सूर्याकडे तोंड करून पाहिलं, तर एकेक पाकळी आतून दिवा लावल्यासारखी दिसते. खाणीच्या पाण्यात कातळाची कड उलटी उतरते, वारा आला की मोडते.

परवा असंच वर बघत पळताना मुरमावरून घसरले, सपशेल.

ज्या आजींनी स्वतःच्या बाटलीतलं सगळं पाणी माझ्या कोपरावर ओतलं आणि वर "अगं, पायाखाली बघ की जरा!" असं दटावलं, त्यांचे आभार. माझ्या लंगडण्याच्या वेगाने पायथ्यापर्यंत सोबत आलेल्या कॉलेजच्या दोन मुलांचेही. आणि रिक्षावाले काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, हे मला अजून खटकतंय.

गवतात उडालेला फोन त्या मुलांनीच शोधून दिला. काच तडकलीय, फोटो शाबूत आहेत. पडण्याच्या मिनिटभर आधीचा एक आजींचाच निघाला: पाठमोऱ्या, हातात काठी, सावली पार वळणापर्यंत.

आजी, प्रिंट काढून ठेवलीय. रविवारी त्याच वळणावर थांबते.