खोकं फोडण्याआधी हे वाच

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

खोक्यात दोन रेसच्या गाड्यांचे सुटे भाग आहेत, दोन पुस्तिका आणि मागे ओढून सोडायच्या दोन मोटरी. लेगो टेक्निकच्या पद्धतीच्या गाड्या आहेत, म्हणजे भोकांच्या पट्ट्या आणि त्यांत बसणाऱ्या पिना. पुस्तिकेत नुसती चित्रं असतात, एक शब्दही नसतो. चित्रात जे दिसत नाही तेवढंच इथे लिहिते आहे.

आधी जागा. जमिनीवर पांढरी चादर अंथर आणि तिच्यावर स्टीलची दोन मोठी ताटं ठेव. ताटाला काठ असतो, त्यामुळे पिना घरंगळून दिवाणाखाली जात नाहीत. पिशव्यांवर 1, 2 असे आकडे असतील तर एका वेळी एकच फोड. पट्ट्या ताटात ओत, पिना वाटीत, दांड्या दुसऱ्या वाटीत. रंगावरून वेगळं करत बसू नकोस, प्रकारावरून कर. काळ्यांच्या ढिगातून काळी पिन शोधायला डोळे फोडावे लागतात. इरा अजून तीन वर्षांची नाही. खोक्यावर 0-3 लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली लाल गोल खूण आहे ती तिच्यासाठीच. ती झोपली असेल तेव्हाच बस, आणि उठताना दोन्ही वाट्या वरच्या फडताळात ठेवून ऊठ.

दांडी म्हणजे चाकांचा आस. तिच्या टोकाकडून बघितलंस तर अधिकची खूण दिसेल. तिची लांबी भोकांवर मोजतात. एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत 8 मिलिमीटर असतात, म्हणून 4 ची दांडी 32 मिलिमीटर भरते. पुस्तिकेत दांडीचं चित्र खऱ्या मापाचं छापलेलं असतं. चित्रावर दांडी आडवी ठेवून बघ, अंदाजाने उचलू नकोस. 4 च्या जागी 5 ची गेली तर त्या पायरीला काहीच बिघडत नाही, पण आठ पायऱ्यांनंतर चाक बाहेर लोंबतं आणि सगळं उलटं सोडवावं लागतं.

आता पिना, आणि इथेच बहुतेक गाड्या बिघडतात. दिसायला पिना दोन प्रकारच्या. काळ्या पिनेच्या अंगावर बारीक उंचवटे असतात. ती भोकात घट्ट धरते आणि फिरायला नाखूश असते. राखाडी किंवा फिकट तपकिरी पिन गुळगुळीत असते, ती मोकळी फिरते. पट्टीला पट्टी जोडायला काळी, आणि फिरायची गोष्ट असेल तिथे गुळगुळीत. तुझ्या गाडीची पुढची चाकं पिनेवर बसत असतील आणि तिथे चुकून काळी पिन गेली, तर गाडी दिसेल अगदी चित्रातल्यासारखी आणि सोडल्यावर हातभर जाऊन थांबेल. मग सगळे मोटरला नावं ठेवतात.

मोटरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो डबा बंद आहे आणि तो तू उघडायचा नाहीस. आत पोलादी पट्टीची गुंडाळी केलेली स्प्रिंग असते, चावीच्या घड्याळात असते तशीच. तिच्या जोडीला दातेरी चाकं. त्यांतलं एक छोटं चाक एका जागी पक्कं नसतं, लांबट खाचेत सरकतं. गाडी मागे ओढलीस की ते खाचेच्या एका टोकाला जाऊन स्प्रिंग गुंडाळतं. सोडलीस की दुसऱ्या टोकाला सरकतं आणि जोर वेगळ्या वाटेने चाकांकडे जातो. सायकलचा गिअर बदलावा तसं हे आपोआप होतं. मागे ओढताना चाकांचे थोडेच फेरे लागतात, म्हणून हाताला जोर जाणवतो. पुढे जाताना त्याच स्प्रिंगमधून चाकांना कितीतरी जास्त फेरे मिळतात, म्हणून वीतभर ओढलेली गाडी खोलीभर पळते.

पण फेरे वाढले की प्रत्येक फेऱ्यातला जोर त्या मानाने कमी होतो. म्हणूनच कुठेतरी जरासं घासलं तरी या गाड्या मरतात. विजेच्या मोटरवर चालणारी गाडी थोडं घासणं ओढून नेते, हिला ते परवडत नाही. जोडताना प्रत्येक फिरत्या भागाला मनात एकच प्रश्न विचार: हे कुणाला घासतंय का?

मोटर बसवण्याआधी तिची दांडी बोटांनी फिरवून बघ. एका दिशेला अडेल आणि सोडल्यावर उलटी फिरेल, दुसऱ्या दिशेला मोकळी फिरेल. मोकळी दिशा म्हणजे गाडीची पुढची दिशा. मोटर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते, त्यामुळे ती उलटी बसते, आणि मग गाडी पुढे ढकलल्यावर मागे पळते. हे शेवटी कळलं तर अर्धी गाडी सोडवावी लागते. पुस्तिकेतल्या चित्रात मोटरच्या कडेची छोटी खाच किंवा उंचवटा कुठल्या बाजूला आहे तेही बघून घे.

मागची चाकं दांडीवर दाबताना ती मोटरच्या डब्याला भिडवू नकोस. पोस्टकार्डाचा एक तुकडा मध्ये धर, चाक त्याला टेकेपर्यंत दाब आणि मग तुकडा ओढून काढ. तेवढी फट पुरते. पुढच्या दांडीवर चाक सरकू नये म्हणून बुश नावाची छोटी कडी येते, तिच्यासाठीही हीच युक्ती. फट फार ठेवलीस तर चाक डुलतं आणि गाडी नागमोडी जाते. सांगाडा झाला की कवच चढवण्याआधी गाडी उलटी धर आणि पुढच्या चाकाला टिचकी मार. ते निदान चार-पाच फेरे फिरायला हवं. एका फेऱ्यात थांबलं तर तिथेच दुरुस्त कर, वर काही चढवू नकोस.

चुकून बसलेला भाग दाताने काढायचा नाही. संचात सोडवणी, म्हणजे भाग सुटे करायचं छोटं प्लास्टिकचं हत्यार, आली असेल तर तिच्या टोकाने दांडी मागून ढकल. नसेल तर एक मोठी दांडी घेऊन तिनेच अडकलेली दांडी पलीकडे रेट. स्टिकर सगळ्यात शेवटी. मला विचारशील तर लावूच नकोस, चार दिवसांत कोपरे उठतात आणि त्यांना केस चिकटतात. लावायचेच असले तर रात्री, घाई नसताना.

टायर लावण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडे पूस. नव्या रबरावर साच्यातला निसटपणा राहतो. टायर घसरला की ओढताना चाक फिरत नाही, नुसतं खरवडतं, आणि स्प्रिंगमध्ये काहीच भरत नाही. म्हणून ओढताना बोटं छतावर नाही, मागच्या चाकांच्या बरोब्बर वर ठेव आणि खाली दाबत दाबत सरळ मागे घे. ओढताना टक् टक् असा आवाज आला की थांब. स्प्रिंग भरली आहे आणि आतला क्लच सुटतोय. त्यापुढे ओढून गाडी जास्त पळत नाही, क्लच मात्र झिजतो. काही जण तो आवाज मजेचा म्हणून पुन्हा पुन्हा काढतात. त्यांच्या मोटरी लवकर ढिल्या होतात. सोडताना ढकलायचं नाही. बोटं वर उचलायची, बस.

पहिली चाचणी हॉलमध्ये घे. आपल्या फरश्या दोन फुटी आहेत, म्हणजे एक फरशी साधारण 60 सेंटिमीटर. मापपट्टी घेऊन लोळायची गरज नाही, फरश्या मोज. मागे ओढायची अंतरं खडूने आखून घे: 10, 20, 30 सेंटिमीटर. प्रत्येक अंतराला पाच वेळा सोड, सगळ्यात लांबची आणि सगळ्यात जवळची फेरी खोडून टाक आणि उरलेल्या तिघींची सरासरी घे. स्प्रिंग जितकी वळते तितकी ती जास्त अडते, म्हणून कागदावर दुप्पट ओढलं की स्प्रिंगमधला ऊर्जेचा साठा, आणि म्हणून गाडीचं अंतरही, चौपट व्हायला हवं. तुझ्या वहीत चौपट येणार नाही. का येत नाही ते शोधायला टायरच्या खुणा बघ आणि टक् टक् कितव्या सेंटिमीटरला सुरू होतं ते लिहून ठेव.

वजनाचा प्रयोग तर करच. जपानमधल्या टकारा कंपनीने 1970 च्या दशकाच्या अखेरीस ‘चोरो-क्यू’ नावाच्या बुटक्या गाड्या काढल्या. त्यांच्या मागच्या बाजूला नाणं खोचायची फट असते. नाणं खोचलं की वजन मागे जातं आणि सोडल्यावर पुढची चाकं हवेत उठतात. अमेरिकेत त्याच गाड्या ‘पेनी रेसर्स’ नावाने विकल्या गेल्या, नाव त्या नाण्यावरूनच. तू मागच्या दांडीच्या वर चिकटपट्टीने एक रुपया लाव, मग दोन, मग तीन. मात्र सगळे एकाच तऱ्हेचे घे. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा आहे आणि 2019 च्या मालिकेतला 3.09 ग्रॅमचा, मिसळलेस तर आकडे जुळणार नाहीत. पहिल्या नाण्याने टायरची पकड वाढेल, गाडी बहुधा लांब जाईल. पुढे कुठेतरी वजन जड होऊन अंतर घटायला लागेल. ते कितव्या नाण्याला होतं, हे दोन्ही गाड्यांसाठी वेगवेगळं काढ.

गाडी एका बाजूला वळत असेल तर आधी तिला त्याच ओळीवर उलट्या दिशेने सोड. जमिनीच्या हिशोबाने वळण एकाच भिंतीकडे राहिलं तर फरशीला उतार आहे. गाडीच्या डाव्याच बाजूला वळत राहिली तर डावीकडचं एखादं चाक घासतंय, किंवा पुढची दांडी तिरकी बसली आहे, किंवा एक टायर रिमवर वाकडा चढला आहे. टायर बघ, मग दांडी, मग फट. मागची दोन्ही चाकं एकाच दांडीवर आहेत, ती वेगवेगळी फिरू शकत नाहीत. त्यामुळे मागून गाडी सरळच जाऊ पाहते आणि दोष बहुतेक वेळा पुढे सापडतो.

शर्यतीला दोघांनी एकाच वेळी बोटं उचलणं जमत नाही, भांडण ठरलेलं. दोन्ही गाड्या ओढून पुढे आडवी फूटपट्टी उभी धरायची, मागून बोटांचा आधार काढून घ्यायचा आणि पट्टी सरळ वर उचलायची. पट्टी पुढे झुकवली तर जिच्या बाजूला ती आधी सुटते ती जिंकते. हे काम आबांना दे, ते कुणाचीच बाजू घेत नाहीत. शेवटाला उशी ठेव, भिंत नको. भिंतीवर आपटली की पुढची दांडी निसटते.

उडी मारायला जाड पुठ्ठ्याचा उतार कर, खाली दोन वह्या. पुठ्ठ्याची खालची कड जमिनीला चिकटपट्टीने सपाट बसव, नाहीतर गाडीचं नाक तिथेच अडकतं. उतार कुठे ठेवायचा हे कानाने ठरव. सोडल्यावर मोटर घरघरते, ही स्प्रिंग सुटण्याची घरघर. ती जिथे थांबते तिथून पुढे गाडी नुसती घरंगळते. सगळ्यात जास्त वेग घरघर थांबण्याच्या आसपास असतो, म्हणून उतार त्याच जागी हवा. तू पूर्ण गोल वळसा करायचा म्हणशील, ते मला माहीत आहे. 20 सेंटिमीटर उंचीच्या गोलात नुसती घरंगळत जाणारी गाडी वर चिकटून राहायची तर तळाशी तिला सेकंदाला सुमारे 2.2 मीटर वेग लागतो, म्हणजे सेकंदात जवळजवळ चार फरश्या, आणि तोही घासणं धरलेलं नसताना. आधी स्टॉपवॉच लावून मोज, मग पुठ्ठा काप.

गच्चीवर नेऊ नकोस. वाळूचा एक कण दातेरी चाकांत गेला की मोटर संपली, कारण ती उघडता येत नाही. सतरंजीवरही नको. तेल घालायचं नाही, शिवणयंत्राचंही नाही आणि खोबरेलही नाही: ते धूळ धरतं, टायरपर्यंत ओघळलं की पकड जाते, आणि काही तेलांनी प्लास्टिकला तडे जातात.

आठवड्याभराने चांगली पळणारी गाडी अचानक मंद झाली तर चाक आणि पट्टीच्या मधल्या फटीत बघ. तुझे नाहीतर आजीचे केस दांडीभोवती गुंडाळलेले असतील. चाक काढून चिमट्याने एकेक ओढ, कात्री लावू नकोस. चिमटा शिवणाच्या डब्यात, बटणांच्या कप्प्याखाली आहे.

तुझी,
आई