दिवे आधी, कायदा मागून

महोदय,

नव्या तंत्रज्ञानाला वेसण नकोच, असे म्हणणाऱ्यांनी एलईडी मासेमारी बघावी. जनरेटरवर प्रखर दिवे लावले की बांगडा, म्हाकूल आणि बोटभर पिल्लेही उजेडाला जमतात. भोवती पर्ससीन जाळे टाकून तळाची दोरी कड्यांतून ओढली की जाळे बटव्यासारखे आवळते. पिल्ले अंडी घालण्याआधीच संपतात. मालवणच्या किनाऱ्यावरून रापण, म्हणजे पारंपरिक जाळे, ओढणाऱ्यांनी काय करायचे? केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, पण तोवर दिव्यांत, जनरेटरांत पैसा गुंतला होता. गुंतलेला पैसा कायद्याला जुमानत नाही. म्हणून नवे यंत्र आधी मोजक्याच नौकांवर, किमान एक हंगाम चालवा, प्रत्येक फेरीतल्या पिल्लांचे वजन बंदरावर नोंदवा, मगच परवाने द्या.

– एक वाचक, मालवण