वडगावच्या घरी, शिलाई मशीनविषयी

कायझर्सलाउटर्न, जर्मनी
दि. ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा दादाशी फोनवर बोलणे झाले तेव्हा समजले की, दिवाळीनंतरच्या आवराआवरीत मागच्या सोप्यातले शिलाई मशीन भंगारवाल्याला देऊन टाकावे, असे घरात चालले आहे. सोप्यात मुलांच्या अभ्यासाचे टेबल बसवायचे आहे आणि मशीन कित्येक वर्षे चादरीखाली झाकून पडले आहे, ही वहिनींची अडचण खरी आहे. तरीसुद्धा ते देऊ नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. दादाच्या थोरल्या लेकीने मला स्वतःहून कळवले आहे की तिला आपले कपडे आपण शिवायला शिकायचे आहे. शिकवणारी तू घरात, मशीनही घरात, आणि ते मोडीत काढून उद्या तिला पैसे भरून क्लासला पाठवायचे, हे मला पटत नाही. फोनवर हे तुकड्यातुकड्यांनी बोलले गेले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी राहते ते गावच शिलाई मशीनचे आहे. गेओर्ग मिखाएल फाफ नावाच्या, पितळी वाद्ये बनवणाऱ्या कारागिराने १८६२ साली येथे बुटांचे चामडे शिवण्यासाठी आपले पहिले मशीन तयार केले आणि त्यातून पुढे फाफ कंपनी उभी राहिली. बेळगावच्या वडगावात पहाटेपासून मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मला अशा गावात राहण्याचे विशेष वाटते. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशीन मांडून बसते, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी प्रौढांसाठी चालणाऱ्या शिवणवर्गाला जाते. त्या वर्गात नोकरी करणाऱ्या बायका आहेत, निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, कॉलेजातल्या मुली आहेत. त्यांपैकी कोणालाच शिवणकामावर पोट भरायचे नाही. अंगात घालायचा कपडा स्वतःच्या हातचा असावा, एवढ्याचसाठी सगळे येतात.

यातून पैसे वाचतात का, असे तू मागे विचारले होतेस. वाचत नाहीत. येथे चांगल्या सुती कापडाच्या एका मीटरला जेवढे पडतात, तेवढ्यात सेलमध्ये तयार सदरा मिळतो, आणि दोरा, अस्तर, गुंड्या यांचा खर्च वेगळाच. पण तो स्वस्त सदरा दोन-चार धुण्यांत शिवणीवर पिळवटतो, आणि मग रस्त्याकडेच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत जाऊन पडतो. हे ढीग इतके वाढले आहेत की २०२५ पासून युरोपीय संघातल्या देशांना जुने कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करण्याची व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले आहे. स्वतः शिवलेला कपडा मात्र सहसा कोणी टाकत नाही, कारण तो कोठे उसवला तर कसा सांधायचा, हे शिवणाऱ्याला ठाऊक असते.

माझ्या दृष्टीने खरे कारण अंगाला बसण्याचे आहे. येथील तयार कपडे आणि कागदी नमुनेसुद्धा एक ठरावीक बाई डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. 'बुर्डा' हे येथील शिवणाचे मासिक ऑफेनबुर्ग गावी आएन्ने बुर्डा यांनी १९५० साली सुरू केले, आणि १९५२ पासून त्यात कपड्यांचे नमुने छापलेला मोठा कागद येऊ लागला. महायुद्धातून सावरणाऱ्या बायकांना महागडे कपडे विकत घेणे शक्य नव्हते, त्यांना चांगल्या बेताचा कपडा घरी शिवता येऊ लागला. त्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात. आपल्याला हवी ती रेषा शोधून पातळ कागदावर उतरवून घ्यावी लागते आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, स्वतः वाढवावी लागते. त्यातल्या ३८ नंबरच्या मापात छाती ८८ सेंटीमीटर धरलेली असते, आणि उंची १६८. छाती जुळली तरी माझी उंची तेवढी कोठून असणार? म्हणून त्या नमुन्याची कंबर माझ्या कमरेच्या खाली येते, मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, लोंबतो, आणि बाही बोटांपर्यंत उतरते.

येथे तुझी पद्धत कामी येते. शहापूरच्या आपल्या शिंप्यांप्रमाणे तूही कागद वापरत नव्हतीस. टेपने छाती, तिरा (खांद्यांची रुंदी), कंबर, मुंढा, बाहीची लांबी आणि दंड मोजायचे, छातीच्या चौथ्या हिश्शात सैलपणा मिळवायचा आणि खडूने थेट कापडावर आखायचे. ज्याचा कपडा त्याचेच माप, मधे दुसरे कोणी नाही. मी आता दोन्हींची सांगड घालते. कॉलरचा आणि बाहीचा आकार मासिकातून घेते, कारण ते काम त्यांनी फार विचारपूर्वक केलेले असते. तिरा, पाठीची उंची आणि कंबर मात्र माझ्या अंगावरून घेते. बाहीच्या डोक्याचा बाक मुंढ्याच्या बाकापेक्षा थोडा लांब ठेवायचा आणि तेवढे जादा कापड एकही चुणी न पडू देता शिवणीत जिरवायचे, हे मला येथे नीट उमगले. त्यासाठी डोक्याच्या भागात कच्च्या दोऱ्याच्या दोन ओळी घालून त्या हलकेच ओढायच्या, कापड बोटांनी सारखे करायचे, टाचण्या लावायच्या, आणि शिवताना बाहीची बाजू खाली ठेवायची, म्हणजे मशीनचे दातेच जादा कापड ओढून घेतात. पुढच्या मुंढ्याचा बाक मागच्यापेक्षा खोल हवा, हे तर तू पोलकी कापताना मला दाखवलेच होतेस.

तुझी आणखी एक सवय येथे माझ्या रोजच्या उपयोगाची आहे, ती म्हणजे भरपूर माया सोडण्याची. तयार कपड्याच्या आत पाहिले तर शिवणीपलीकडे एक सेंटीमीटरभरही कापड नसते, आणि जे असते तेही ओव्हरलॉक करून छाटलेले. अंग थोडे भरले की तो कपडा संपला. तू पोलक्याच्या दोन्ही कुशींना इंच-दीड इंच कापड आत ठेवून मारलेल्या शिवणींमुळे तेच पोलके बाळंतपणानंतर उसवून सैल करता येत असे आणि पुढे पुन्हा आवळता येत असे. शिवणवर्गात मी अशी माया सोडते तेव्हा बाईंना आधी ते बोजड वाटले. पातळ कापडात ती जाडी बाहेरून दिसते, हे त्यांचे म्हणणे मान्य आहे. पण सुती कापडात इस्त्री नीट केली तर अडचण येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या थंडीत मी खणाचे एक जाकीट शिवले, त्याविषयी थोडे लिहिते, कारण हे कापड तूच खडेबाजारातून घेऊन पाठवले होतेस. गुळेदगुड्डचा खण म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड, आणि येथील नमुने १४० सेंटीमीटरचा पन्हा गृहीत धरतात. त्यांच्या आराखड्यात पाठ आणि पुढचे दोन भाग शेजारी शेजारी बसतात. खणावर ते एकाखाली एक मांडावे लागतात आणि लांबीला कापड जास्त लागते. पण खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतात, हा मोठाच फायदा आहे. पुढचा डावा भाग एका काठाला आणि उजवा दुसऱ्या काठाला लावून कापला, तेव्हा दोन्ही काठ गळ्यापासून खालपर्यंत समोरासमोर उतरले. बाह्या मात्र मी कापडावर आडव्या मांडल्या, म्हणजे मनगटाशी काठ आला; चोळी कापताना आपल्याकडे दंडावर काठ आणतात तीच ही रीत. खणाचे धागे कापल्याबरोबर सुटू लागतात, म्हणून कापताच सगळ्या कडा मशीनवर नागमोडी टाक्याने बांधून घेतल्या आणि आतून लोकरीचे पातळ अस्तर लावले. उणे तापमानातही ते जाकीट ऊब देते.

त्याच्या आतल्या गळपट्टीवर मी कशिद्यातल्या गवंतीची एक वेल काढली आहे. एकदा धावदोऱ्याने जायचे आणि परत येताना मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. हाच टाका युरोपात हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याने रंगवलेल्या माणसांच्या कॉलरींवर आणि मनगटपट्ट्यांवर तो दिसतो. वर्गातल्या आजींना तो येत होता. धारवाड-बेळगाव भागातल्या बायका इरकलीवर हेच काम मोजून घेतलेल्या धाग्यांवर करतात, हे मी त्यांना सांगितले.

आता मशीनविषयी. इतके दिवस पडून राहिल्यामुळे आतले तेल घट्ट झाले असेल आणि चाक जड फिरत असेल. त्यावरून ते बिघडले असे समजू नये. प्रत्येक तेलाच्या छिद्रात रॉकेलचे थेंब सोडून चाक हाताने फिरवत राहावे, काळी घाण बाहेर येईल ती पुसावी, आणि रॉकेल सुकल्यावर मशीनचेच तेल घालावे. खोबरेल मुळीच घालू नये, ते आत चिकटून बसते. दात्यांची पट्टी उघडून खालचा दोऱ्याचा लगदा ब्रशने काढावा. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून पुन्हा तारेच्या आकड्याने जोडावा, आणि तडे गेले असतील तर नवाच घ्यावा. सुई नवी घ्यावी. सुती कापडाला १४ नंबरची पुरते. जुनी सुई काढण्याआधी तिची चपटी बाजू कोणीकडे आहे ते पाहून नवी तशीच बसवावी. खालच्या दोऱ्याची बॉबिन केस त्याच दोऱ्याला टांगून धरावी: ती आपोआप घसरत असेल तर स्क्रू थोडा आवळावा, आणि हलका झटका दिल्यावर जराशी उतरून थांबत असेल तर ताण बरोबर आहे. एवढे करूनही शिवण उसवत असेल तर मग गल्लीतल्या कारागिराला बोलवावे.

दादाच्या लेकीला लगेच ड्रेस शिवायला देऊ नकोस. आधी दोरा न घालता वहीच्या ओळींवर सुई चालवू दे, म्हणजे पाय आणि हात यांचा मेळ बसेल. मग उशीचे अभ्रे, आणि त्यानंतर सहा कळ्यांचा परकर. कळ्या एक उलट एक सुलट मांडल्या की कापड वाया जात नाही, हे तिला कापडावरच दाखव. आणि जोडताना एका कळीची सरळ बाजू दुसऱ्या कळीच्या तिरक्या बाजूला येऊ दे, नाहीतर उरेब (तिरके कापलेले) कापड ओढले जाऊन घेर खाली लोंबतो. परकर जमला की बाकीचे कठीण नाही. कापड आधी पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा नियम तिला पहिल्याच दिवशी सांग. सुती कापड आटते आणि नंतर कितीही माया असली तरी लांबी परत येत नाही.

टेबलासाठी जागा हवी असेल तर मशीनचे डोके खाली उतरवून वर फळी टाकता येते. ते त्यासाठीच तसे केलेले आहे, आणि अभ्यास त्यावरही होईल. नव्या पट्ट्याचे, सुयांचे आणि कारागिराचे पैसे मी दादाच्या खात्यावर पाठवते आहे, त्यासाठी वहिनींनी घरखर्चात हात घालू नये. हे पत्र गडहिंग्लजला मावशीलाही वाचायला दे, तिच्याही घरी असेच एक मशीन माळ्यावर आहे.

लेकीची मापे सेंटीमीटरमध्ये घेऊन कळव: छाती, कंबर, तिरा, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठीची उंची, बाहीची लांबी आणि दंड. तिच्या मापाचा पोलक्याचा कागद आखून मी पोस्टाने पाठवीन. तो कापडावर कसा ठेवायचा ते तू सांग.

बाबांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी लेक