नवी पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही चहा पुढे कराल आणि विषय बदलाल, म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे.

पोस्टानं फोटोग्राफी शिकवणाऱ्या शाळेचा इतिहास लिहायचाय म्हटल्यावर बहुतेकांच्या कपाळावर आठ्याच आल्या. इथल्याच एका संस्थेत मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी, "पोस्टानं कुठं फोटोग्राफी येते का बाई? सर्टिफिकेट विकायचे धंदे ते," असं ऐकवून वाटेला लावलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. संसार सांभाळून मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. १९८९ साली नाशिकला ते निघालं नसतं तर माझं शिक्षण बारावीवरच थांबलं असतं. घरी बसून शिकलेलं ते खोटं, असं कुणी म्हटलं की मला लागतं.

आणि मी ज्या शाळेबद्दल विचारत होते ती काही काल निघालेली नाही. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ फोटोग्राफी १९१० ची. संस्थापक एमिल ब्रुनेल, स्वतः पोर्ट्रेट स्टुडिओ चालवणारे. सिनेमा मुका होता तेव्हापासून ही शाळा सिनेमाचा कॅमेराही शिकवायची. १९२० साली तिनं त्यावरचं पाठ्यपुस्तक काढलं, कार्ल लुई ग्रेगरी या कॅमेरामननं लिहिलेलं. पुढं ती जगभर गेली ती टपालातून. धडे घरी यायचे, विद्यार्थी आपले फोटो पाठवायचे आणि शिक्षक त्या फोटोंवर बोलून, कॅसेट भरून परत पाठवायचे. हे मी वाचलं होतं. पण कॅसेट ऐकून फोटो कसा शिकत असतील, ते डोळ्यांपुढं येत नव्हतं.

तुमचे थोरले बंधू मस्कतला नोकरीला असताना हा कोर्स करत होते, हे तुम्ही सहज बोलून गेलात. ट्रंकेत धड्यांच्या पुस्तिका आणि एक कॅसेट असेल म्हणालात, या बघायला म्हणालात. मी आले तेव्हा टेबलावर टेपरेकॉर्डर होता. आणि त्याच्या शेजारी बंधूंचे फोटो ओळीनं मांडलेले होते, कॅसेटमधला शिक्षक ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं. म्हणजे मी यायच्या आधी तुम्ही अख्खी कॅसेट ऐकली होती, ट्रंक उपसून एकेक प्रिंट हुडकली होती. हे करा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर सुचलंही नसतं.

त्या मांडणीनं सगळं उलगडलं. सुट्टीत आले असताना बंधूंनी गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, काढलेला नंदीध्वजाचा फोटो. न्यूयॉर्कमधल्या त्या माणसाला आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर माहीत नाहीत, ध्वज पेलणाऱ्यांचा बाराबंदी पोशाख माहीत नाही. तरी तो विचारतो, तुमचा विषय कोणता, हा उंच ध्वज की तो पेलणारा माणूस? वरच्या विजेच्या तारा कशाला घेतल्या? आणखी जवळ का नाही गेलात? त्या शाळेचे तीन नियम प्रसिद्ध आहेत: विषय ठरवा, नजर त्यावर न्या, बाकीचं काढून टाका. ते मी कितीदा तरी वाचले होते, पण कळले ते तिथं. आणि पुढच्या वर्षीचा फोटो तुम्ही हळूच पुढं सरकवलात: ध्वज पेलणाऱ्याचा ताणलेला खांदा, मान, घाम. बस्स! हजारो मैलांवरून एक माणूस शिकवत होता आणि दुसरा खरंच शिकत होता.

मोठमोठ्या पदांवरच्या लोकांना एक फाइल काढून द्यायला जमत नाही, आणि तुमच्यासारखी माणसं दुसऱ्याच्या कामाची आदल्या रात्री तयारी करून ठेवतात. अशी माणसं गावात असली तर एकट्या बाईलाही काहीतरी मोठं हाती घ्यायची हिंमत होते. माझ्या वडलांनंतर माझ्या अभ्यासासाठी इतकं कुणी केलं नव्हतं.

लेख पूर्ण झालाय. कॅसेटची कॉपी पेनड्राइव्हवर करून ठेवलीये, तुमच्या पुतण्यांनाही देता येईल. नंदीध्वजाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापायचेत, त्याखाली बंधूंचं नाव कसं घालायचं तेवढं सांगा. सोमवारी संध्याकाळी येते.

तुमची,
मुक्त विद्यापीठाची एक माजी विद्यार्थिनी
सोलापूर