ऊसतोड कामगारांच्या मुलांना सीमाभागातील मराठी शाळांत घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाहेरून आलेला माणूस आपलीच भाषा बोलत असेल तर तो आपोआप आपल्यात मिसळतो, असे सीमाभागात आपण धरून चालतो. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांचा अनुभव मात्र वेगळा आहे. व्हेनेझुएलातून लाखो लोक कोलंबिया, पेरू आणि चिलीत गेले. भाषा तीच, बहुतेकांचा धर्मही तोच. तरीही पेरू आणि चिलीने २०१९ मध्ये त्यांना व्हिसा सक्तीचा केला. कोलंबियात त्या वेळी राहणाऱ्या सुमारे १७ लाख व्हेनेझुएलन लोकांपैकी निम्म्याहून अधिकांकडे वैध कागदपत्रे नव्हती. त्यांना हाकलण्याऐवजी २०२१ मध्ये अध्यक्ष इव्हान दुके यांच्या सरकारने दहा वर्षे राहण्याची आणि काम करण्याची मुभा देणारी योजना आणली. अर्जेंटिनाच्या २००४ च्या स्थलांतर कायद्यात तर कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून कोणत्याही मुलाला शाळा नाकारता येणार नाही, असे स्पष्ट कलमच आहे.

हे सर्व लिहिण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या निपाणी, चिकोडी भागातील फडांत येतात. ही माणसे मराठीच बोलतात. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचा मुक्काम कारखान्याच्या आवाराबाहेरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतो, आणि आईवडील पहाटे फडात गेल्यावर थोरले मूल धाकट्याला सांभाळत बसते. त्यांच्या गावच्या शाळेत पटावर नाव असते आणि येथे कोणाच्याच यादीत नसते. हे नागरिक याच देशाचे असल्यामुळे कोलंबियासारख्या परवान्याचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न फक्त नोंदीचा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) वयाचा दाखला नाही किंवा वर्ष सुरू होऊन गेले आहे, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. हा कायदा कर्नाटकातही लागू आहे. शिवाय पट घटल्यामुळे सीमाभागातील अनेक मराठी प्राथमिक शाळांवर गंडांतर आले आहे, हे आपण सतत बोलतो. ज्या मुलांना या शाळांची भाषा मुळातच येते, ती मात्र शेजारच्या फडात दिवस काढतात, हे कोणी बोलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून झगडणाऱ्या समाजाला कागदावर नाव असण्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

कारखान्यांनी टोळ्यांशी करार करतानाच सोबत येणाऱ्या मुलांची यादी करून ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, आणि हंगामापुरता प्रवेश व माध्यान्ह भोजन जवळच्या मराठी शाळेत मिळावे. यासाठी दोन राज्यांतील सीमावाद सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. यादी मात्र बॉयलर पेटण्यापूर्वी तयार हवी, कारण टोळ्या एकदा फडांत विखुरल्या की कोणते मूल कोठे आहे हे मुकादमाखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

आपला,
एक वाचक, निपाणी