मिल-टर्न मशीनचे मिलिंगकडचे सेटिंग अर्धवट सोडल्याबद्दल तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

महोदय,

पंपाचा शाफ्ट एकदाच चकमध्ये धरून टर्निंग, कीवे (चावी बसवायची खाच) आणि आडवे भोक सगळे उरकावे, म्हणून जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या शेडसाठी कर्ज काढून टर्निंग आणि मिलिंग दोन्ही करणारे तुमचे मिल-टर्न घेतले. तुमच्या इंजिनिअरने मुख्य स्पिंडलवर (जॉब धरून फिरवणाऱ्या भागावर) टर्निंगचा एक जॉब काढला आणि 'इन्स्टॉलेशन पूर्ण'चा रिपोर्ट पुढे केला. 'फक्त टर्निंग तपासले' असे लिहूनच मी सही केली आहे. प्रत तुमच्याकडे आहे.

३० मि.मी. शाफ्टवरचा ८ मि.मी.चा कीवे मधोमध येत नाही. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवला, कीवेत ब्लॉक बसवून डायल गेज लावला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावला. फरक ०.१२ मि.मी., म्हणजे कीवे ०.०६ मि.मी. सरकलेला. लाइव्ह टूलचा (स्वतः फिरणाऱ्या मिलिंगच्या टूलचा) होल्डर बदलला तरी तेवढाच! 'वाय अक्षाच्या ऑफसेटमध्ये (दुरुस्तीच्या आकड्यात) टाकून घ्या,' असे फोनवर सांगितले गेले. त्याने कीवे मध्यावर येईल, पण टरेटवरच्या (सगळी टूल धरणाऱ्या भागावरच्या) साध्या ड्रिलचे भोकही मोठे येते आहे, त्याचे काय? टरेटच स्पिंडलच्या मध्याशी जुळलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

समोरच्या दुसऱ्या स्पिंडलने, म्हणजे सब-स्पिंडलने, जॉब धरला की आडवे भोक कीवेशी कोनात चुकते. पकडण्याआधी दोन्ही स्पिंडलचे सी अक्ष (फिरण्याचे कोन) जुळवून द्यायचे होते, ते झालेच नाही. तुम्ही दिलेला पोस्ट (मशीनचा प्रोग्राम काढून देणारे सॉफ्टवेअर) मिलिंगलाही दर फेऱ्याचा फीड काढतो. स्पिंडल थांबलेला, त्यामुळे टूल जागचे हलत नाही. दर प्रोग्राममध्ये जी९९ (दर फेऱ्याचा फीड) खोडून जी९८ (दर मिनिटाचा फीड) लिहायचे आणि फीडचे आकडे बदलायचे, हे ऑपरेटरचे काम नव्हे.

आणखी एक. मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ वर जातो. तापमान १० अंशांनी वाढले तर २०० मि.मी. स्टील साधारण २३ मायक्रॉन वाढते. त्यामुळे सकाळी थंड मशीनवर डायल लावून निघून जाणे आम्हाला चालणार नाही. मशीन तापवून, भर दुपारी तपासणी करावी.

टरेट, सी अक्ष आणि सब-स्पिंडल जुळवणारा माणूस पाठवा, पोस्ट दुरुस्त करून द्या आणि आमचाच शाफ्ट दोन्ही स्पिंडलवर पूर्ण काढून दाखवा. वॉरंटीची मुदत त्या दिवसापासून धरावी. तोवर उरलेली रक्कम दिली जाणार नाही. येण्याची तारीख लेखी कळवावी.

आपला ग्राहक,
जळगाव